वेषांतराचे व्याकरण : 'हिटमॅन' या खेळमालिकेविषयी

व्हिडिओ गेमकडे साहित्यसमीक्षेने वळून पाहावे की नाही, हा वाद पाश्चात्त्य विद्यापीठांत आता जवळजवळ संपला आहे. एस्पेन आर्सेथ यांचे 'सायबरटेक्स्ट' हे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या संहितांतून वाट काढण्यासाठी वाचकाला डोळे फिरवण्याहून आणि पाने उलटण्याहून अधिक श्रम करावे लागतात, अशा संहितांचा एक स्वतंत्र वर्ग त्यांनी त्यात कल्पिला, आणि 'ई-चिंग'सारख्या प्राचीन चिनी ग्रंथाला व संगणकीय खेळाला एकाच पंगतीत बसवले. मराठीत मात्र या विषयावरचे बोलणे अजून बहुधा दोनच प्रश्नांभोवती घुटमळते : या खेळांमुळे मुले हिंसक होतात काय, आणि त्यांचे किती तास वाया जातात. हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु ते कृतीविषयीचे नसून तिच्या परिणामांविषयीचे आहेत. कादंबरीविषयी आपण अशा भाषेत बोलत नाही. निदान आता बोलत नाही. एके काळी कादंबरीविषयीही नेमके हेच बोलले जात होते.

प्रस्तुत लेखात एकाच खेळमालिकेचा विचार करावयाचा आहे, आणि तोही तिच्या आकर्षणाचा आणि तिने केलेल्या वैतागाचा एकत्र. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत असे माझे मत खेळता खेळता बनत गेले आहे.

कोपनहेगन येथील 'आयओ इंटरॲक्टिव्ह' या संस्थेने 'हिटमॅन : कोडनेम ४७' हा पहिला खेळ २००० साली काढला. २००६ मधील 'ब्लड मनी' हा त्या पहिल्या पर्वातील सर्वांत परिपक्व भाग. पुढे २०१६, २०१८ आणि २०२१ या वर्षी आलेल्या तीन भागांचे २०२३ मध्ये 'वर्ल्ड ऑफ ॲसॅसिनेशन' या एका नावाखाली एकत्रीकरण झाले. या लेखातील विवेचन मुख्यतः या उत्तरपर्वाविषयी आहे. नायकाला नाव नाही, क्रमांक आहे : ४७. तो प्रयोगशाळेत घडवलेला, भाडोत्री मारेकरी आहे. टक्कल, काळा सूट, लाल टाय आणि मानेच्या मागच्या बाजूला गोंदलेला बारकोड ही त्याची चिन्हे. डायना बर्नवुड या स्त्रीचा आवाज त्याला कामगिरी समजावून सांगतो. एक स्थळ दिले जाते : पॅरिसमधला प्रासाद, इटलीतले किनाऱ्यावरचे गाव, होक्काइदोमधले धनिकांचे रुग्णालय. तिथे एक, दोन किंवा अधिक माणसे दाखवली जातात. त्यांना ठार करून कोणाच्या लक्षात न येता बाहेर पडावयाचे. कथानक म्हणून जे काही आहे ते एवढेच; भागाभागांना जोडणारी गुप्त संघटनांची कथा अत्यंत सामान्य आहे आणि तिच्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

गुप्तसंचाराच्या खेळांची परंपरा १९९८ या एका वर्षात एकदम आकाराला आली. 'थीफ', 'मेटल गियर सॉलिड' आणि 'टेन्चू' हे तिन्ही खेळ त्या वर्षीचे. त्यांतील लपणे हे भौतिक आहे. सावली, आडोसा, पावलांचा आवाज, पहारेकऱ्याच्या नजरेचा कोन ही तिथली द्रव्ये होत. लपणारा आणि शोधणारा यांच्यात फक्त अवकाश असतो, समाज नसतो. 'हिटमॅन'ने केलेला बदल वरवर पाहता साधा आहे. तिथे नायक भिंतीआड लपण्याऐवजी दुसऱ्या माणसाच्या कपड्यांत लपतो. वेटरचे कपडे घातले की स्वयंपाकघराचे दार उघडे होते. सुरक्षारक्षकाचे घातले की जिना. डॉक्टरचे घातले की शस्त्रक्रियागृह. होक्काइदोच्या रुग्णालयात तर ही कल्पना अक्षरशः यंत्रात उतरवली आहे : दारे माणसाला ओळखतच नाहीत, त्याच्या अंगावरच्या पोशाखाला ओळखतात. वेष हीच किल्ली. संरचनावादी परिभाषेत बोलायचे तर प्रत्येक पोशाख हे एक चिन्ह आहे आणि त्याचा अर्थ त्याच्या द्रव्यातून येत नाही, इतर पोशाखांपासूनच्या त्याच्या भेदातून येतो. माळ्याचा पोशाख बागेत निरर्थक असतो, म्हणजे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तोच वरच्या मजल्यावर एक आरोप होतो.

आपल्याकडील बहुरूप्याशी याची तुलना सहज सुचते, आणि तुलनेत जे बसत नाही ते अधिक बोलके आहे. बहुरूपी पोलिसाचा किंवा डॉक्टरचा वेष घेऊन दारात उभा राहतो, घरच्यांना क्षणभर फसवतो, आणि मग फसवणूक उघड करून बिदागी मागतो. त्याच्या कलेची सांगता ओळखले जाण्यात आहे. ४७ ची कला ओळखले न जाण्यात संपते. त्याला प्रेक्षक नाही. म्हणजे खेळाच्या जगात नाही. पडद्याबाहेर बसलेला खेळाडू हाच त्याचा एकमेव प्रेक्षक, आणि तोच नटही. ही दुहेरी भूमिका नाट्यगृहात कोणाच्याच वाट्याला येत नाही.

आता वेषाच्या या व्याकरणातला खरा शोध कोणता, हे पाहू. खेळाडूच्या लवकरच लक्षात येते की सर्वांत सुरक्षित पोशाख हे सर्वांत खालच्या पायरीवरचे असतात. पाहुणा म्हणून वावरणाऱ्याला दहा ठिकाणी अडवले जाते. कचऱ्याची पिशवी घेतलेल्याला कोणी पाहतही नाही. कौटिल्याला हे पक्के ठाऊक होते. 'अर्थशास्त्रा'च्या पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांची जी वर्गवारी आहे, तीत विष देणाऱ्या 'रसदां'नी कोणत्या मिषाने शत्रूच्या घरात शिरावे याची यादी आहे : आचारी, स्नान घालणारा, अंग रगडणारा, बिछाना घालणारा, न्हावी, प्रसाधन करणारा, पाणी देणारा. ही सगळी माणसे मालकाच्या अंगाला हात लावू शकतात, कारण मालकाच्या लेखी ती माणसेच नाहीत. बाराव्या अधिकरणात तर देवळात पूजेला आलेल्या शत्रूवर यंत्राच्या साहाय्याने भिंत वा शिळा पाडण्याची युक्ती आहे. 'हिटमॅन'मधील झुंबर पाडण्याच्या युक्तीशी तिचे साम्य पाहून प्रथम मी चकितच झालो. पण ही साम्ये सांगून 'हे सर्व आपल्याकडे आधीच होते' असा निष्कर्ष मला काढावयाचा नाही. मुद्दा एवढाच की सेवकाची अदृश्यता हे सत्तेच्या रचनेतले जुने छिद्र आहे, आणि या खेळाची सगळी इमारत त्या छिद्रावर उभी आहे.

अर्व्हिंग गॉफमन यांनी दैनंदिन जीवनातील वर्तनाला रंगभूमीची उपमा देऊन दर्शनी भाग आणि पडद्यामागचा भाग असा भेद केला. पॅरिसच्या प्रसंगात हा भेद खेळाडू पायांनी चालून शिकतो. तळमजल्यावर फॅशन शो चालू आहे. त्याच्या मागे रंगभूषेच्या खोल्या. त्याच्या खाली तळघरातील स्वयंपाकघर. आणि सर्वांत वर, जिथे फक्त निमंत्रितांना प्रवेश, तिथे हेरगिरीतून मिळवलेल्या गुपितांचा लिलाव. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणे म्हणजे एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाणे. या प्रसंगातील सर्वांत विनोदी, आणि माझ्या मते सर्वांत अर्थगर्भ, शक्यता अशी की शोमधला प्रमुख मॉडेल हेल्मुट क्रूगर हा दिसायला हुबेहूब ४७ सारखा आहे. त्याचे कपडे घेतले की ४७ ला मंचावरून, सर्वांच्या डोळ्यांदेखत, कॅमेऱ्यांच्या झगमगाटात चालत जाता येते. अदृश्यतेचे शिखर संपूर्ण दृश्यतेत आहे! फूको यांनी 'डिसिप्लिन अँड पनिश'मध्ये मांडलेले पाहणाऱ्या सत्तेचे चित्र इथे उलटे होते. पाहिले जाणे हाच पाहणाऱ्यावरचा डाव ठरतो.

येथपर्यंत मी आकर्षणाविषयी बोललो. त्याचे दुसरे अंग कालविषयक आहे. या जगातील प्रत्येक व्यक्ती ठरावीक फेऱ्या घालते. भक्ष्य म्हणून नेमलेला माणूस सज्जात येतो, पेय घेतो, कोणाशी तरी तेच चार शब्द बोलतो, पुन्हा आत जातो; काही मिनिटांनी हे सारे पुन्हा. पहिल्यांदा खेळताना हे जग जिवंत वाटते, तिसऱ्यांदा घड्याळ वाटते, दहाव्यांदा संहिता वाटू लागते. पॅरिसच्या त्या प्रासादात पहिल्या दिवशी मी दोन तास कोणालाही हात न लावता नुसता हिंडलो. कोण कुठे थांबतो, कोणाचे बोलणे कोणाच्या कानावर पडते, हे टिपत राहिलो. ते वाचन होते याविषयी मला शंका नाही. पुनर्वाचनाशिवाय वाचन पुरे होत नाही हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हा खेळ ते त्यांच्याकडून करवून घेतो. कित्येक कवितांना हे भाग्य लाभत नाही.

आर्सेथ यांनी आपल्या एका निबंधात अशा कृतींच्या अनुभवाचे वर्णन कोंडी आणि साक्षात्कार या जोडीने केले आहे. वाचक अडतो; पुढची वाट दिसत नाही; आणि मग एकाएकी दिसते. 'हिटमॅन'मध्ये कोंडीचे क्षण अतोनात आहेत. एखाद्या पोशाखात तुम्ही सर्वांना फसवू शकता, परंतु त्याच पेशातील काही वरिष्ठांना नाही. त्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो. मुख्य आचारी आपल्या हाताखालची माणसे ओळखतो, हे समाजशास्त्रदृष्ट्या अगदी खरे आहे आणि खेळताना अगदी असह्य. पंचवीस मिनिटे विणलेली योजना एका ठिपक्याने उसवते. मग धावपळ, गोळीबार, आणि ४७ नावाच्या त्या शिस्तबद्ध मौनाचे एका क्षणात सामान्य मारामारीच्या खेळात रूपांतर. हा रूपभंग आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वाचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगितले. इथे विरोध समतोलाकडे जातच नाही, तो कृतीलाच फाडून टाकतो. अशा वेळी खेळाडू काय करतो? जतन केलेल्या मागच्या क्षणाकडे परत जातो. चूक घडलीच नव्हती असे ठरवतो.

ही परतीची सोय मला दीर्घकाळ खटकत आली आहे. शोकात्म नाट्याचा पाया असा की केलेले परत घेता येत नाही. इथे प्रत्येक केलेले परत घेता येते, आणि म्हणून भीती उरत नाही. उरतो तो कंटाळा. दुसरीकडे, सोय काढून घेतली की भीती येते आणि तिच्याबरोबर भित्रेपणाही येतो. 'मास्टर' या काठिण्यपातळीवर एका कामगिरीत एकदाच जतन करता येते, आणि जानेवारी २०२३ मध्ये जोडलेल्या 'फ्रीलान्सर' या प्रकारात अजिबात करता येत नाही. तिथे मी स्वतःला नवे काही करून पाहण्याऐवजी पुन्हा पुन्हा त्याच सुरक्षित युक्तीकडे वळताना पाहिले आहे. स्वातंत्र्य आणि जोखीम यांचे हे त्रैराशिक या मालिकेला अजून सुटलेले नाही, आणि ते सुटण्यासारखे आहे की नाही हेही मला सांगता येत नाही.

वैतागाचे याहून खोल कारण दुसरे आहे. 'मुद्राराक्षसा'च्या दुसऱ्या अंकात गारुड्याच्या वेषात आलेला विराधगुप्त राक्षसाला त्याच्या फसलेल्या कटांची हकिगत सांगतो. चंद्रगुप्तावर पाडण्यासाठी सज्ज केलेले यंत्रतोरण भलत्यावर पडते. वैद्याने केलेले विष त्यालाच प्यावे लागते. शयनगृहाच्या भिंतीतील भुयारात मारेकरी लपलेले असतात, आणि भिंतीच्या फटीतून अन्नाचे कण घेऊन बाहेर पडणाऱ्या मुंग्यांची रांग चाणक्याच्या नजरेस पडते. भिंतीत माणसे आहेत हे मुंग्यांनी सांगितले. गुप्तसंचाराच्या वाङ्मयात याहून नेमका तपशील मला माहीत नाही. राक्षस हरतो तो समोर चाणक्य आहे म्हणून. त्याची मनधरणी करताना चाणक्याला जो आदर वाटतो तोही यातूनच येतो.

'हिटमॅन'मध्ये मुंग्या नाहीत. पहारेकऱ्यासमोर नाणे फेकले की तो ते उचलायला येतो. दुसरे फेकले की पुन्हा येतो. सहकारी बेपत्ता झाला तर कोणी त्याची वाट पाहत नाही. संशय आला तर थोडा वेळ शोधाशोध होते, मग सर्व जण आपापल्या फेरीवर परततात, जणू काही घडलेच नाही. या जगाला डोळे आहेत, स्मरण नाही. खेळाडूला ज्या प्रतिस्पर्ध्याने हरवावे असा प्रतिस्पर्धीच तिथे नसतो. तो हरतो तो नियमांच्या बारीकसारीक विक्षिप्तपणापुढे, आणि जिंकतो तोही त्यांचाच फायदा घेऊन. पराभवात मान नाही, हे या खेळाचे मोठे उणेपण. त्याचे रचनाकार म्हणतील की स्मरण असलेले जग घड्याळासारखे वाचता येणार नाही, आणि वाचता येणार नाही तर योजना करता येणार नाही. हे खरे आहे. म्हणूनच मी आरंभी म्हटले की आकर्षण आणि वैताग वेगळे काढता येत नाहीत.

प्रत्येक कामगिरीच्या अखेरीस गुणांकन होते. फक्त नेमलेल्यांनाच मारले, कोणाला दिसला नाही, प्रेत सापडले नाही, कॅमेऱ्यात नोंद राहिली नाही, तर 'सायलेंट ॲसॅसिन' ही पदवी. सुरुवातीला हे गुणांकन शैलीचा आदर्श म्हणून काम करते; पुढे ते हुकूमशहा होते. प्रसंगात शंभर शक्यता असतात आणि पदवीच्या लोभाने खेळाडू त्यांतल्या पाचच हाताळतो. शिवाय डायनाचा आवाज आहेच. कोणाचे संभाषण ऐकले की तो आवाज सुचवतो, मार्गाच्या खुणा पडद्यावर उमटतात, आणि त्या खुणांमागून चालत गेले की एक नाट्यपूर्ण हत्या आपसूक घडते. ज्या संहितेने वाचकाला इतक्या रिकाम्या जागा दिल्या, तीच त्या भरूनही देते. या खुणा बंद करता येतात हे मान्य. पण त्या आहेत हे एकदा माहीत झाले की न वापरणे हा हट्ट वाटू लागतो. २०२१ च्या भागातील बर्लिनचा प्रसंग मला सर्वोत्कृष्ट वाटतो याचे कारण हेच : तिथे डायना बोलत नाही. नाइटक्लबच्या त्या गर्दीत ४७ च्या मागावर त्याच्याच पेशाची माणसे आहेत, ती कोण हे कोणी सांगत नाही, आणि खेळाडूला प्रथमच खरोखर एकटे असल्याची जाणीव होते.

तांत्रिक वैतागाचा उल्लेख एका परिच्छेदात आटोपतो, कारण त्याची सैद्धांतिक बाजूच काय ती या नियतकालिकाच्या कक्षेत येते. २०१६ पासूनच्या भागांत एकट्याने खेळतानाही गुण आणि प्रगती यांची नोंद दूरच्या संगणकावर होते. जोडणी तुटली की त्या तुटक्या अवस्थेत खेळणाऱ्याला बऱ्याच गोष्टी मिळतच नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये 'जीओजी' या विक्रीस्थळावर २०१६ चा भाग उपलब्ध झाला. ग्राहकांनी या अटीवरून इतका आक्षेप घेतला की पुढच्याच महिन्यात तो तेथून काढून घेण्यात आला. पुस्तक विकत घेतल्यावर ते लेखकाच्या परवानगीविना वाचता येते, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरलेली आहे की तिचा सिद्धांत कोणी मांडला नाही. 'इल्यूसिव्ह टार्गेट' ही २०१६ साली आलेली कल्पना याच व्यवस्थेतून निघाली : काही दिवसांपुरतेच एखादे भक्ष्य उपलब्ध, आणि प्रयत्न एकच. फसला की फसला. वर ज्या शोकात्म भीतीचा अभाव मी नोंदवला, ती इथे आहे. फक्त ती कलाकृतीच्या आतून आलेली नाही, दुकानाच्या कॅलेंडरवरून आली आहे.

आता हत्येविषयी. या खेळातील रस कोणता, असा प्रश्न विद्यार्थ्यांना घातला तर बहुतेक जण बीभत्स किंवा भयानक असे उत्तर देतात. खेळून पाहिल्यावर मात्र मला हास्य असे म्हणावे लागते. नटव्या गंभीरपणाने ४७ योगशिक्षक होऊन आसने शिकवतो, ढोलवादक होऊन चाचणी देतो. तो जी वाक्ये बोलतो त्यांचा एक अर्थ ऐकणाऱ्याला आणि दुसरा आपल्याला. संस्कृत नाट्यशास्त्रात अशा सूचक उभयार्थी योजनेला पताकास्थानक म्हणतात. 'ब्लड मनी'मधील पॅरिसच्या ऑपेरागृहाचा प्रसंग याचा कळस आहे. पुच्चिनीच्या १९०० सालच्या 'टोस्का'ची तालीम चालू आहे. त्या संगीतिकेतच नायकाला खोटा मृत्युदंड देण्याचे ठरते आणि बंदुका खऱ्या निघतात. खेळाडू तालमीतले खोटे पिस्तूल काढून तिथे खरे ठेवू शकतो. रंगमंचावर नट कोसळतो. ज्या कथेत खोट्याचे खरे होते, तिच्या खोट्या सादरीकरणात खरे घडते, आणि हे सर्व अर्थातच पुन्हा एका खेळात. मराठी नाटकाने 'नाटकातले नाटक' हा घाट पुष्कळ वापरला आहे. इतक्या थंडपणाने वापरलेला मी पाहिलेला नाही.

पण हा हास्यरस फुकट मिळत नाही. त्यासाठी मरणारा माणूस मरण्यालायक ठरवून द्यावा लागतो. प्रत्येक कामगिरीच्या आधी आपल्याला त्याचा इतिहास ऐकवला जातो : शस्त्रांचा दलाल, हुकूमशहाचा मित्र, विषाणूचा निर्माता. हे आरोपपत्र वाचकाच्या विवेकाला दिलेली भूल आहे. क्वचित भूल उतरते. सापिएंत्सा या इटालियन गावात सिल्व्हिओ कारूझो हा शास्त्रज्ञ आहे. माणसांना दूरवरून वेचून मारणारा विषाणू तो बनवतो आहे. त्याच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून जाता येते. तो कोचावर पडतो आणि आपल्या आईविषयी बोलू लागतो. हा भेदरलेला माणूस आणि आरोपपत्रातला माणूस एकच, हे मान्य करायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात खेळ आपल्या हातात उशी देतो. करुण रसाचा अंकुर जिथे फुटतो नेमके तिथेच कृती आपल्याकडून करवली जाते. लेखकांना हा परिणाम अभिप्रेत होता की तो अपघाताने साधला, हे मी ठरवू शकलेलो नाही. रा. भा. पाटणकरांनी कलेच्या अलौकिक आणि लौकिक अशा दोन ध्रुवांविषयी जे विवेचन केले आहे, ते मला इथे आठवते. उशीच्या क्षणी खेळ अलौकिकाच्या ध्रुवावर उभा नसतो.

शेवटी मुंबई. २०१८ च्या 'हिटमॅन २' मध्ये मुंबईचा एक मोठा प्रसंग आहे आणि मराठी वाचकाला तो टाळून पुढे जाता येत नाही. भारत या मालिकेत पूर्वीही आला होता. २००२ च्या 'सायलेंट ॲसॅसिन' या भागातील एका स्थळाचे सुवर्णमंदिराशी असलेले साम्य आणि तिथे दाखवलेली शिखांची हत्या यांवर शीख संघटनांनी आक्षेप घेतला आणि प्रकाशकांना माघार घ्यावी लागली. मुंबईच्या प्रसंगात तसला वाद झाला नाही. तिथे तीन भक्ष्ये आहेत : दाऊद रंगन हा चित्रपटनिर्माता, त्याचा अर्धवट बांधलेला टोलेजंग मनोरा, वान्या शहा ही रेल्वेच्या जुन्या यार्डात राज्य करणारी टोळीप्रमुख, आणि वझीर काळे, एके काळचा समुद्री चाचा, ज्याचा चेहरा कोणाला ठाऊक नाही. वझीर हे नाव आणि काळे हे आडनाव ज्याने जोडले त्याला त्या जोडणीतला आवाज ऐकू आला नसणार. शहरातील माणसे इंग्रजीत बोलतात. गल्लीतला बाईवाला, धोबी, गुंड, सगळे.

मला अधिक अडखळवणारी गोष्ट वेगळी आहे. उंच, गोरा, टक्कल केलेला, मानेवर बारकोड असलेला एक युरोपीय दिसणारा माणूस धोब्याचे कपडे घालून झोपडपट्टीतून चालत जातो आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मुंबईच्या गल्लीत! जिथे नवा भाडेकरू आला तर दुसऱ्या दिवशी दुधवाल्याला त्याचे गाव माहीत असते. पहिल्या खेपेस मी खेळ थांबवून हसलो. मग लक्षात आले की माराकेशच्या बाजारात आणि बँकॉकच्या हॉटेलात हाच संकेत मी विनातक्रार मान्य केला होता. तिथे तो मला नाट्यसंकेत वाटला, इथे चूक वाटली. संकेत तोच होता. मोरोक्कोचे मला काही माहीत नव्हते एवढाच फरक. 'पोशाख म्हणजे माणूस' हे या खेळाचे सूत्र ज्याला ते शहर ठाऊक नाही त्याच्यासाठीच टिकते. वेषांतराच्या व्याकरणात शरीराला, वर्णाला, बोलीला जागा नाही. आणि मारेकऱ्याला सर्वत्र फिरता यावे यासाठी ती नसणेच आवश्यक आहे.

तरीही मुंबईच्या या प्रसंगाची रचना पॅरिसच्या खालोखाल उत्तम आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. काळे हे ४७ चेच प्रतिबिंब आहे. तोही गर्दीत मिसळून, गरिबाच्या अदृश्यतेचे कवच घेऊन राहतो, आणि त्याला शोधण्यासाठी खेळाडूला प्रथमच खालच्या पायरीवरच्या माणसांचे चेहरे नीट पाहावे लागतात. याच शहरात काश्मीरचा एक दुसरा मारेकरीही आलेला आहे, रंगन आणि शहा यांच्यासाठी. त्याला योग्य जागी बसवून आणि भक्ष्यांना त्याच्या नेमाच्या टप्प्यात आणून दोन्ही कामे त्याच्याकडून करवून घेता येतात. ज्याने कृतीच केली नाही त्याच्याकडे कर्तृत्व जाते. कर्त्याची इतकी पातळ व्याख्या मी कादंबरीत क्वचितच पाहिली आहे. आणि काळेसाठी एक वाट न्हाव्याच्या दुकानातून जाते, कौटिल्याच्या यादीतलीच. न्हाव्याला गाठायचे, बेशुद्ध करून पेटीत ठेवायचे, त्याचे कपडे घालून खुर्चीमागे उभे राहायचे, आणि दाढी करून घेण्यासाठी गिऱ्हाईक मान मागे टाकीपर्यंत थांबायचे. मी ही वाट बऱ्याच वेळा चाललो आहे. पुढच्या खेपेस खेळ सुरू केला की तो न्हावी पुन्हा आपल्या दुकानात असतो, आणि मला पुन्हा त्याचे कपडे हवे असतात.